जुन्या प्रतींतली सकाळ

धर्मविद्यालयाचं ग्रंथालय तिसऱ्या मजल्यावर होतं आणि नदीवरचं धुकं शहरात पसरण्याआधी तिथे शिरायचं. खिडक्या उंच होत्या, त्यांची वरची तावदानं मुळात कधी घट्ट बसलेलीच नव्हती. धुक्याच्या दिवशी कपाटांच्या शेवटच्या रांगा दिसेनाशा होत. तिकडून एखादा विद्यार्थी पुस्तक छातीशी धरून येऊ लागला, की तो मागच्या कुठल्यातरी शतकातून चालत येतोय असं वाटे.

तिथल्या ग्रंथपाल बाईंना सगळे वैद्यबाई म्हणत. तोंडावर म्हणत नसत, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. त्याचं कारण असं, की कोणी येऊन अमुक विषयावर पुस्तक द्या म्हणालं, की त्या आधी समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवत आणि विचारत, "काय होतंय?" येणाऱ्याला वाटे, बाई चेष्टा करतायत. मग तो बसे, आणि पुस्तकाबद्दल बोलता बोलता भलतंच काहीतरी सांगून जाई. एकाला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ह्यांच्या त्रैक्याच्या सिद्धांतावर नवा ग्रंथ हवा होता. बोलण्यातून कळलं, की खोलीतल्या जोडीदाराशी वाद घालून घालून त्याला आता देवाचाच कंटाळा आलाय. त्याला वैद्यबाईंनी वाळवंटात राहिलेल्या जुन्या तपस्व्यांचा इतिहास दिला. त्यात बोलणारीच माणसं कमी होती. दुसरा एक जण चर्चवर चिडून विद्यालय सोडायला निघाला होता. त्याच्यापुढे त्यांनी पहिल्या काही शतकांतल्या धर्मसभांचा जाडजूड इतिहास ठेवला आणि म्हणाल्या, "हे वाच. तुझ्याहून जास्त चिडलेली माणसं आहेत ह्यात, आणि सगळी आत बसून चिडलेली." तो राहिला. पुढे पाळक झाला, आणि अजून चिडलेलाच असतो असं ऐकिवात होतं.

एक पुस्तक मात्र त्या कोणाला सहजासहजी देत नसत. करड्या बांधणीचं, अक्षर बारीक. बायबलमधली चार शुभवर्तमानं, म्हणजे प्रभूची चार चरित्रं, कोणी लिहिली असावीत, कोणाच्या हाताखालून कशी गेली, कुठे एकमेकांशी जुळतात आणि कुठे अजिबात जुळत नाहीत, हे त्यात शांतपणे, पुराव्यासकट मांडलेलं होतं. विद्यार्थिनी असताना त्यांनी ते वाचलं होतं आणि त्यानंतर बरेच महिने पायाखालची फरशी हलतेय असं त्यांना वाटत राहिलं होतं. ते पुस्तक मागायला कोणी आलं, की त्या विचारत, "घरी बोलायला कोणी आहे का?"

त्यांच्या स्वतःच्या घरी आई-बाबा होते. बोलणं होतं, पण ह्या विषयावर नाही. बाबा जन्मभर पाळक. आता निवृत्त झाले होते, तरी गल्लीत त्यांना अजून पाळकसाहेबच म्हणत. सहा वर्षं काम करून झालेल्या त्यांच्या जागच्या माणसाला सगळे अजून 'नवे पाळक' म्हणत, ह्यावरून काय ते समजावं. बाबांनी एका बायबलवर, एका शब्दसूचीवर आणि आपल्या खणखणीत आवाजावर सगळी नोकरी निभावली होती. मुलीच्या ग्रंथालयाची पायरी ते कधी चढले नव्हते. ती नोकरीला लागली त्या दिवशी ते हसत म्हणाले होते, "एवढ्या पुस्तकांत देव कुठे सापडला, तर मला कळव." तो विनोद होता. पण त्या विनोदानंतर दोघांनी ह्या गोष्टीवर बोलायचं टाळलं, आणि टाळता टाळता वैद्यबाईंचे केस पांढरे झाले.

म्हणून त्या दुपारी दारात कोट घातलेले बाबा उभे दिसले, तेव्हा आईला काहीतरी झालं असं वाटून त्या ताडकन उठल्या.

"घरी सगळं ठीक आहे," बाबा म्हणाले. जिना चढून त्यांना धाप लागली होती. ते आपणहून खुर्चीत बसले, विद्यार्थ्यांच्या. चारी बाजूंच्या कपाटांकडे त्यांनी मान वर करून पाहिलं. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हापासून ते प्रत्येक गोष्टीकडे असं पाहत, जणू कोणी ती आत्ताच धुऊन वाळत घातली आहे. "किती निळी पुस्तकं आहेत गं तुझ्याकडे," ते म्हणाले.

वैद्यबाईंच्या तोंडून सवयीचाच प्रश्न गेला. "काय होतंय?"

बाबांना त्या प्रश्नाचं काही वाटलं नाही. दवाखान्यात विचारल्यासारखं त्यांनी उत्तर दिलं. डोळ्यावर पट्टी होती तेव्हाची गोष्ट. पडल्या पडल्या करमेना, म्हणून त्यांनी क्रुसावर मेलेल्या प्रभूची कबर रिकामी सापडली त्या सकाळची गोष्ट मनातल्या मनात सांगायला घेतली. आयुष्यभर सांगितलेली गोष्ट, झोपेतही आली असती. बायका पहाटे कबरेकडे गेल्या. आणि तिथेच ते अडले. किती बायका? एका शुभवर्तमानात एक आहे, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. कबरेच्या तोंडावरचा दगड आधीच लोटलेला होता, की त्यांच्यादेखत लोटला गेला? आत एक तरुण बसला होता, की दोन पुरुष उभे होते?

"मी चारींची मिळून एकच करून सांगत आलो," बाबा म्हणाले. "इतकी वर्षं. शिवण कुठे आहे ते मलासुद्धा दिसलं नाही. पट्टीखाली अंधारात दिसली. हे लिहिलं कोणी, मला माहीतच नाही. मी कधी विचारलंच नाही. तू सांग, काय वाचू?"

ह्या प्रश्नाची वाट वैद्यबाईंनी अर्धं आयुष्य पाहिली होती. आणि आता तो समोर येऊन बसला होता. बाहेर धुकं खिडकीला टेकलं होतं. मागच्या कपाटात करडं पुस्तक होतं, आणि ते तिथे आहे हे पाठीला कळत होतं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. त्या उठून मधल्या रांगेत गेल्या आणि हस्तलिखितांच्या इतिहासाचं एक लहानसं, सोपं पुस्तक काढून आणलं. छपाई नव्हती तेव्हा बायबलमधली वचनं हातांनी कशी उतरवली गेली, कातडी कशी कमावत, शाई कशी करत, नकला करणारे कुठे चुकत, एवढंच त्यात होतं.

"इथून सुरुवात करा," त्या म्हणाल्या.

बाबांनी पुस्तक कोटाच्या आत घातलं. सिगरेट लपवणाऱ्या मुलासारखं, असं वैद्यबाईंच्या मनात आलं.

लपवून उपयोग नव्हता, कारण आईला घरातली टाचणी हललेली कळे. "ह्या वयात काय त्यांच्या डोक्यात भरतेस?" ती भाजी चिरता चिरता म्हणाली. "जन्मभर ज्यावर उभे राहिले, ते आता उकरून बघायचं?"

"त्यांनीच मागितलं, आई."

"ते काय, गोडही मागतात. रक्तात साखर आहे, तरी देतेस का?"

बाबा खिडकीशी बसून वाचू लागले. सकाळी सुरुवात केली की दुपार कधी झाली त्यांना कळत नसे. वाचता वाचता डुलकी लागे, डुलकीत वाचन चालूच राही, आणि जागे झाल्यावर पुस्तकातलं कुठलं आणि झोपेतलं कुठलं ते त्यांचं त्यांनाच सांगता येत नसे. न्याहारीला ते स्वप्नं सांगत. एक लांबोळकी खोली आहे, एक माणूस मोठ्याने वाचतोय आणि बाकीचे उतरवून घेतायत. त्यांत बाबाही आहेत. बोटं गारठलीयत. वाचणाऱ्याचा आवाज फार गोड आहे, इतका गोड, की झोप येते. एक ओळ संपते त्याच शब्दावर दुसरीही संपते, डोळा एकीवरून घसरून दुसरीवर जातो आणि मधली ओळ राहून जाते. बाबांना स्वप्नात कळतं, की ओळ गेली. शेजारचा कुजबुजतो, लिही पुढे, कोणाच्या लक्षात येणार नाही.

"मग?" वैद्यबाईंनी विचारलं.

"मग मी लिहिलं पुढे."

"चहा गार होतोय," आई म्हणाली.

महिन्याभरात बाबांनी तशी बरीच पुस्तकं संपवली. जुन्या शहरांतल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळ्या कशा जमत, कोणाच्या घरी जमत, कोण जेवण करी. वचनांची भाषांतरं कशी झाली आणि कोणत्या भाषेत कोणता शब्द बसेना. वैद्यबाई रोज संध्याकाळी पिशवीतून काहीतरी आणत आणि बाबा दाराशीच हात पुढे करत. एवढं सुख त्यांना बाबांकडून आयुष्यात मिळालं नव्हतं. रात्रीचं जेवण झाल्यावर दोघं बोलत बसत, आणि आई भांडी जरा जास्तच आवाज करून घासे.

मग एक दिवस बाबा म्हणाले, "तू मला बाळगुटी पाजतेयस."

"म्हणजे?"

"ह्या सगळ्या पुस्तकांच्या तळटिपांत एकाच पुस्तकाचं नाव येतंय. ते तू आणत नाहीस." त्यांनी नाव सांगितलं. ते करडं पुस्तकच होतं.

वैद्यबाईंनी पुष्कळ आढेवेढे घेतले. कोणीतरी नेलंय म्हणाल्या, बांधणीला गेलंय म्हणाल्या. बाबांनी नुसतं पाहिलं. त्यांच्या नव्या डोळ्याला खोटं फार लख्ख दिसत असावं. दुसऱ्या दिवशी वैद्यबाईंनी ते आणून दिलं आणि म्हणाल्या, "बाबा, वाटलं तर मध्येच ठेवून द्या. आणि माझ्याशी बोला."

बाबा बोलले नाहीत. ते पुस्तक त्यांनी फार सावकाश वाचलं, एकेक पान, बोटाने ओळ धरून. न्याहारीला स्वप्नं सांगणं बंद झालं. मग एका संध्याकाळी सगळे जेवायला बसले, हात जोडले गेले आणि काहीच ऐकू आलं नाही. आईने एक डोळा उघडून पाहिलं. बाबा ताटाकडे पाहत बसले होते. जेवण निवत चाललं होतं. शेवटी आईनेच प्रार्थना म्हटली. लग्न झाल्यापासून तिच्यावर ती वेळ आली नव्हती, ती दोनदा अडखळली आणि शेवटचा शब्द विसरून एकदम "जेवा" म्हणाली.

त्या रात्रीपासून प्रार्थना आईकडे आली. कोणी काही ठरवलं नाही.

"तू त्यांचं काय केलंस?" एकदा बाबा फिरायला गेले असताना आईने विचारलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती खरोखरच विचारत होती. वैद्यबाई मनाशी हिशेब करू लागल्या. एवढ्या पोरांना पुस्तकं दिली, कोणाचं काही वाईट झालं नाही, आणि घरच्याच माणसाला आपण असं काय दिलं? त्या बाबांच्या खोलीत गेल्या आणि उशाशी पडलेलं करडं पुस्तक त्यांनी पिशवीत घातलं. जिन्यात बाबा समोर आले. पिशवीकडे बघून त्यांनी हात पुढे केला.

"संपलं नाही माझं," ते म्हणाले.

पायरीवरच बसले. वैद्यबाईही बसल्या.

"सगळ्यांत जुनं जे शुभवर्तमान धरतात," बाबा म्हणाले, "त्याच्या जुन्या प्रतींत गोष्ट कुठे थांबते माहीत आहे तुला?"

"माहीत आहे."

"बायका आत जातात. तो तिथे नसतो. त्या पळत सुटतात, भ्यायलेल्या असतात, आणि कोणाला काही सांगत नाहीत. बस. तिथे संपलं. पुढचं सगळं मागाहून कोणीतरी जोडलंय." त्यांनी गुडघे चोळले. "तुला माहीत होतं, आणि तू मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"हो. ते खरं." जिन्यातल्या काचेवर धुकं साचून थेंब ओघळत होते, तिकडे त्यांनी पाहिलं. "त्यांनी कोणाला सांगितलंच नाही, तर मला कोणी सांगितलं?"

ह्याला उत्तर द्यायला वैद्यबाईंकडे चांगली दोन कपाटं भरून ग्रंथ होते. त्यांनी एकाचंही नाव काढलं नाही. जेवायची हाक येईपर्यंत दोघं तिथेच बसून राहिले.

पुढच्याच आठवड्यात नव्या पाळकांचा घसा बसला. असा बसला, की डॉक्टरांनी कुजबुजायचीसुद्धा बंदी केली. चर्चच्या मंडळीचे खजिनदार घरी आले. उंच, पाठ ताठ ठेवून बसणारे गृहस्थ, पाळकसाहेबांवर फार जीव. येत्या रविवारी उपदेशाला तुम्हीच उभे राहा, म्हणाले. आईचा चेहरा उजळला. खजिनदार गेल्यावर ती म्हणाली, "देवानेच बसवला त्याचा घसा."

"अगं, त्या बिचाऱ्याला औषधं चाललीयत," बाबा म्हणाले. पण हो म्हणाले.

रविवारपर्यंत वैद्यबाईंना अन्न गोड लागेना. बाबा काय बोलणार हे त्या विचारू शकत नव्हत्या, आणि बाबा सांगत नव्हते. सकाळी तिघं चालत निघाले. धुकं इतकं खाली उतरलं होतं, की पुढे चाललेल्या माणसांचे पाय तेवढे दिसत होते. आईने चांगली शाल घेतली होती. प्रार्थनामंदिर भरलं होतं, एरवी येईनासे झालेले लोकही पाळकसाहेब बोलणार म्हणून आले होते. आई तिच्या नेहमीच्या जागी बसली, पहिल्या बाकाच्या कडेला, आणि वैद्यबाई तिच्याजवळ.

बाबा वर चढले. पूर्वी ते उभे राहताच बोलू लागत. आता त्यांनी दोन्ही हातांनी व्यासपीठाची कड धरली आणि खिडक्यांकडे पाहिलं. लोकांना वाटलं, म्हातारपण. मग त्यांनी त्या सकाळची गोष्ट सांगायला सुरुवात केली. आवाज खणखणीत नव्हता. पलंगाच्या कडेला बसून कोणाला सांगावी, तशी सांगितली. उजाडायच्या आत निघालेल्या बायका, हातात प्रेताला लावायची सुगंधी द्रव्यं, दगड कोण हलवेल ही काळजी. चारींतल्या एकाच लेखकाची गोष्ट, दुसऱ्याचा धागा न घेता. बायका आत गेल्या, घाबरल्या, पळाल्या, कोणाला काही बोलल्या नाहीत.

"जुन्या प्रतींत गोष्ट इथे थांबते," बाबा म्हणाले. "पुढचं मी तुम्हाला आजवर सांगत आलो. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण ह्या बायकांना मी कधी थांबूच दिलं नाही. त्या पळत सुटल्या, की मी लगेच पुढचं आनंदाचं सांगायला लागायचो. त्या घाबरल्या होत्या ते मागे पडायचं. आज मी त्यांच्याबरोबर इथे थांबतो."

आणि ते खाली उतरून बसले.

ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंना कळेना, की आता वाजवायचं की नाही. त्यांनी एक स्वर दाबला आणि सोडून दिला. मागे कोणीतरी खोकलं. खजिनदार छताकडे बघत होते. वैद्यबाईंनी आईकडे पाहिलं, तिला सावरावं म्हणून. आई रडत नव्हती. तिने शाल दोन्ही मुठींत घट्ट धरली होती आणि ती बाबांकडे बघत होती, अनोळखी माणसाकडे बघावं तशी.

तिघं चालत घरी आले. आईने शालसुद्धा न काढता गॅसवर पाणी ठेवलं, मग गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसली.

"तो पाळणा रिकामा होता," ती म्हणाली.

बाबांचा हात टेबलावर होता, तो तिथेच राहिला.

वैद्यबाईंना आपल्याआधी एक भाऊ होऊन गेला एवढं माहीत होतं. घरात 'दादा' हा शब्द होता, त्याच्यापुढे काही नव्हतं. आई आता सांगू लागली, ते टेबलावरच्या कापडाकडे बघत, एकसुरात. तान्हा असतानाच, इस्पितळात, तो एका संध्याकाळी वारला. तिला त्यांनी झोपेचं औषध दिलं. सकाळी जाग आली तेव्हा तिने स्वतः विणलेले कपडे घेतले, त्याला घालायला, आणि लांबच्या लांब ओसरी भिंतीला धरून चालत गेली. खोलीत पाळणा होता, चादर घडी करून ठेवलेली होती, आणि तो नव्हता. कोणीच नव्हतं, विचारायलासुद्धा. ती कपडे घेऊन धावत खाली आली. आपण का पळतोय, हे तिला कळत नव्हतं. आवारात एका झाडाखाली बसून राहिली, मग परत येऊन खाटेवर पडली.

"मी त्याला पहाटेच दफनाला नेलं होतं," बाबा म्हणाले. "तुला ते बघायला लागू नये म्हणून. मला वाटलं, नर्सने सांगितलं असेल."

"कोणी नाही सांगितलं."

"तू मला का नाही बोललीस?"

"भीती वाटत होती. कशाची, ते आता नाही सांगता येणार." आईने शाल काढली, घडी घालायला घेतली आणि तशीच मांडीवर राहू दिली. "महिन्याभराने तुम्ही हीच गोष्ट सांगितलीत, त्याच जागेवरून. मी पहिल्या बाकावर होते. रिकामी जागा बघितली आणि बायकांना आनंद झाला, म्हणालात. मला वाटलं, माझ्यातच काहीतरी खोट आहे."

बाबा उठले. एवढ्याशा स्वयंपाकघरात टेबलाला वळसा घालून आईपर्यंत जायला त्यांना किती वेळ लागला. ते तिच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. वैद्यबाई हळूच उठून बाहेर गेल्या.

मंडळीत व्हायचं ते झालंच. खजिनदारांनी बाबांना पुन्हा बोलावलं नाही. रस्त्यात भेटले की नमस्कार करत, पण पाठ आणखी ताठ होई. दोन-तीन कुटुंबांनी तक्रार केली, की पाळकसाहेबांची बुद्धी चळली. उलट एक शिंपी, जो कधी कोणाशी बोलत नसे, तो घरी येऊन बाबांसमोर बराच वेळ बसला, चहा प्याला आणि गेला. नवे पाळक ग्रंथालयात आले. आवाज नव्हता, म्हणून त्यांनी खुणांनी विचारलं, ते करडं पुस्तक मिळेल का. वैद्यबाईंनी दिलं. त्यांच्या घरी बोलायला कोणी असलं, तरी त्यांना बोलता येणार नव्हतं, त्यामुळे ह्या खेपेस त्यांनी तो प्रश्न विचारला नाही.

आणि एका संध्याकाळी, बाबांना पुस्तक देऊन त्या वळल्या, तर मागे आई उभी.

"मला काहीतरी दे," ती म्हणाली. "त्या बायकांबद्दलचं असेल तर. बारीक अक्षराचं नको."

वैद्यबाईंना शोधायला वेळ लागला. थोर थोर भाष्यकारांनी त्या बायकांना दीड पानात उरकलं होतं. शेवटी एका विदुषीचं पातळसं पुस्तक मिळालं, त्या काळी मृतांना निरोप द्यायचं काम बायकांकडे कसं असे, तिथपासून सुरू होणारं. आई ते दिवसाला दोन पानं वाची, आणि वाचताना मोठ्याने वाद घाली. "हिला मूल नसावं," असंही एकदा म्हणाली. मग पुढच्या पानावर म्हणाली, "असावं."

धुकं विरळ व्हायला लागलं, तेव्हा बाबा म्हणाले, "चल, तुला त्याची जागा दाखवतो." आई लगेच निघाली. वैद्यबाईंनी ग्रंथालयातून अर्ध्या दिवसाची सुटी काढली.

दफनभूमी गावाबाहेर उतारावर होती. दुपारचं पांढरं ऊन पडलं होतं, आणि गवताच्या टोकांवर अजून ओल होती. बाबा भराभर चालत पुढे गेले, डावीकडे वळले, थांबले, परत आले. एका भिंतीपासून मोजत गेले आणि अर्ध्यात विसरले. तिथे लहान मुलांची एक रांग होती म्हणाले, दगड एवढे एवढे होते. रखवालदार आला. त्याने डोकं खाजवलं. ती रांग फार जुनी, तो म्हणाला, पूर आला त्या वर्षी भिंत पडली, मग उतार सारखा केला, दगड खाली गेले असतील किंवा सरकले असतील. नक्की कुठे, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. तो ओशाळून निघून गेला.

बाबा गवतात उभे राहिले. त्यांचा चेहरा बघवेना. "मी एकट्याने आणलं त्याला," ते म्हणाले. "मला तरी माहीत असायला हवं होतं."

आई उतारावर एका बाकावर बसली. तिने बाबांना हाताने बोलावलं, शेजारची जागा थोपटली. ते बसले. तिने पिशवीतून संत्रं काढलं, सोललं आणि अर्धं त्यांच्या हातात दिलं.

"कपडे कुठले होते त्याच्या अंगावर?" तिने विचारलं.

"इस्पितळाचेच. पण मी माझा मफलर गुंडाळला होता. थंडी होती."

"तो तपकिरी?"

"हो."

"मी घरभर शोधला तो," आई म्हणाली. "कितीतरी दिवस." आणि ती थोडी हसली.

वैद्यबाई जरा बाजूला, गवतात पाय पसरून बसल्या होत्या. खालून वारा आला आणि सगळा उतार एका दिशेला वाकला, मग हळूहळू सरळ झाला. आई बाबांना विचारत होती, की तुमच्या त्या पंडितांचं काय म्हणणं आहे, गोष्ट मध्येच का थांबली. बाबा सांगत होते, की काहींच्या मते शेवटचं पान फाटून गेलं, काहींच्या मते लिहिणाऱ्याने मुद्दामच तिथे थांबवली. दोन्ही बाजूंना मोठमोठी माणसं आहेत.

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"आधी वाटायचं, पान फाटलं असेल. आता ठरवता येत नाही."

आईने एक फोड तोंडात टाकली आणि विचार करत चावली. "एका बाईने कधीतरी सांगितलंच असणार की," ती म्हणाली. "लगेच नाही. पुष्कळ वर्षांनी, स्वयंपाक करता करता."

बाबा तिच्याकडे वळले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून तिच्या हनुवटीवर ओघळलेला रस पुसला. उतारावर ऊन आणखी पसरत गेलं, आणि बराच वेळ तिघांपैकी कोणीच निघायचं नाव काढलं नाही.